अकरा नंबरचा बिल्ला

ता. ९, गुरुवार, सकाळ

चि. माऊ हिला बाबांचे अनेक आशीर्वाद.

इकडे आम्ही दोघं बरे आहोत. आईचा गुडघा आहे तसाच आहे. पन्हळ पुन्हा गळायला लागली होती, ती मी डाग देऊन बंद केली. हेल्मेटचा पट्टा बदललास का? त्याची शिवण उसवलेली मी पाहिली होती, पण तेव्हा बोलायची वेळ नव्हती. ओले मोजे अंगावर वाळवत बसू नकोस. आई म्हणते, "तुम्ही लिहा, नाहीतर मी लिहिते, माझं अक्षर तुमच्यापेक्षा बरं आहे." ते खरंच आहे. पाचवीत शाळा सोडून मी पत्रे कापायला लागलो. चुका असतील त्या पोटात घाल.

सोमवारी सुनावणी आहे ना? मला ठाऊक आहे. तुमचं म्हणणं मी पेपरात दोनदा वाचलं. आपल्या घराशेजारची उताराची वाट वीस वर्षांहून जास्त काळ होडीवाल्यांच्या पायाखालची आहे, म्हणून कंपनीला तिथे तारेचं कुंपण घालता येणार नाही. नदी वापरात आहे, म्हणून वीजप्रकल्पासाठी सगळं पाणी बोगद्यात नेता येणार नाही. आणि कंपनी म्हणते, इथून कुणी जात नाही, या दगडधोंड्यांत होडी चालतच नाही.

तू निघून गेलीस त्याला सात आठवडे झाले. त्या सकाळी तू म्हणालीस, "बाबा, दोन वाक्यं बोलायची आहेत. तीही खरी." मी म्हटलं, "मला कोर्टात ओढू नकोस, माझ्या छातीत धडधडतं." तू म्हणालीस, "तुमच्या छातीत गिरणी जन्मापासून चालू आहे, तिला कोर्ट कशाला लागतंय?" आणि मग हळू आवाजात म्हणालीस, "तुम्ही भित्रे आहात, बाबा."

तू नेहमीसारखा भिंतीवरच्या खिळ्यांच्या फळीवर अकरा नंबरचा बिल्ला लावलास, होडी खांद्यावर घेतलीस आणि उतरलीस. परत आलीच नाहीस. मी काठाकाठाने पुलापर्यंत पळत गेलो. चहावाला म्हणाला, "ती गेली की बसने, होडी टपावर बांधून." मी त्याला दोनदा विचारलं, चालत होती ना, धडधाकट होती ना? तो म्हणाला, "काका, बसायला जागा नाही म्हणून कंडक्टरशी भांडत होती." तेव्हा कुठे मी घरी परतलो.

फळीबद्दल मी कुणाला सांगत नाही, पण आज लिहितो. तू सात वर्षांची होतीस तेव्हा ती केली. नदीत उतरणाऱ्याने आपला बिल्ला खिळ्यावर लावायचा, वर आल्यावर काढून फळीखालच्या कप्प्यात ठेवायचा. संध्याकाळी बिल्ला उरला तर मी दोर घेऊन शोधायला निघायचो. पहिल्याच वर्षी तो उंच्या, तुमच्यातला सगळ्यात लांबडा, त्याने उपकार म्हणून स्वतःबरोबर मित्राचाही बिल्ला काढला. फळी रिकामी, मी निवांत, आणि तो पोरगा तीन तास धोंडीला चिकटून गारठत पडला होता. तेव्हापासून नियम केला, आपला बिल्ला आपणच काढायचा, मग सख्खा भाऊ का असेना. छत्तीस खिळे. झिजलेले बिल्लेही मी फेकले नाहीत, प्रत्येकाच्या मागे सालाचा ठसा आहे. सव्वीस सालं होतात.

आता जे लिहायचं आहे ते लिहितो. कालपासून तीन कागद फाडले.

तू साक्ष द्या म्हणालीस त्याच्या दोन आठवडे आधीच मी जबाब देऊन बसलो होतो. कंपनीच्या बाजूने. "सदर वाट माझी खाजगी असून घरच्या माणसांशिवाय तिचा वापर कोणी करीत नाही. सदर पात्रात होडी चालत असलेली मी पाहिलेली नाही." कंपनीच्या साहेबाने वाचून दाखवलं आणि मी सही केली. तो येणार हे कळल्यावर बिल्ले मी आधीच डब्यात लपवले होते. फळी मात्र भिंतीलाच राहिली. त्याने विचारलं, "हे खिळे कशाला?" मी म्हटलं, "रेनकोट टांगायला." तो म्हणाला, "छत्तीस?" मी म्हटलं, "पाहुणे येतात." तो हसला. मीही हसलो, माऊ. तो गेल्यावर बिल्ले होते तसे परत मांडले, तुला कळू नये म्हणून.

मला कुणी काही दिलं नाही, धमकावलंही नाही. साहेब एवढंच म्हणाला, "बोगदा झाला की पात्र कोरडं. पोरं क्रिकेट खेळतील इथे." तेवढ्यावर मी विरघळलो. तुझा बिल्ला खिळ्यावर असला की माझ्या घशाखाली घास उतरत नाही. तू धबधब्यावरून उडी घेतलीस असं उंच्याने हौसेने सांगितलं, त्या दिवशी मी शेडमध्ये जाऊन ओकलो होतो. मला वाटलं, नदीच नसेल तर माझी पोर बुडणार कशात? तुझ्याशी भांडून तुला थांबवणं मला कधी जमलं नाही. म्हणून मी नदीच थांबवायला निघालो.

आणि परवा कंपनीने मला काम दिलं. गावात पत्र्याचं काम करणारा मीच. चाळीस पाट्या कापायच्या, त्यांवर लाल अक्षरं रंगवायची. मजकूर असा, "पात्रात उतरू नये. पाणी कधीही सोडले जाईल." सहा पाट्या रंगवून झाल्या तेव्हा मला त्याचा अर्थ लागला. नमुना आणणाऱ्या पोराला विचारलं, "अरे, पात्र कोरडं राहणार होतं ना?"

"कोरडंच की, काका. पण यंत्रं बंद पडली तर पाणी ठेवणार कुठे? सोडावंच लागतं."

"किती वेळात येतं खाली?"

"दहा मिनिटं. पुलापाशी पंधरा."

"आणि आधी सांगणार कोण?"

"भोंगा बसवणार आहेत ना. पुढच्या वर्षी."

एवढं बोलून तो पाटीवरचा 'ल' चुकला म्हणून कुरकुरला आणि गेला.

आजवर मी निदान सकाळी उठून पाणी बघत होतो, धोंड किती बुडाली ते तुम्हाला ओरडून सांगत होतो. आता कोरड्या पात्रात दहा मिनिटांत नदी येणार, आणि तू काही घरी बसणारी नाहीस. तू तिथेच जाऊन बसशील, हातात फलक घेऊन. मी तुला ओळखतो. तुला वाचवायला गेलो आणि तुझ्यासाठी सापळा लावून आलो.

काल कोर्टाच्या कचेरीत जाऊन जबाब परत मागितला. कारकून म्हणाला, "आजोबा, हे काय दुकानातलं शर्टाचं माप आहे का, बदलून द्यायला? सोमवारी समोर उभं राहून सांगा, मी खोटं बोललो म्हणून." मी विचारलं, "मग मला काय होईल?" तो म्हणाला, "ते मग बघतील." आईला मी हे सांगितलेलं नाही. ती समजते मी तुझ्यामुळे जेवत नाही.

सोमवारी सकाळच्या बसने यायचं ठरवलं आहे. पण माझं ठरवणं तुला माहीत आहे. स्टँडवर मी बाकावर बसून राहीन, बस निघून जाईल. स्वतःवर माझा भरवसा नाही. म्हणून फळी आजच भिंतीवरून काढली. तिच्याबरोबर जुन्या बिल्ल्यांचा डबा आणि हे पत्र गोणपाटात शिवून दुपारच्या बसने पाठवतो, म्हणजे मला मागे फिरता येणार नाही. मी आलो नाही तर हे पत्र सगळ्यांसमोर मोठ्याने वाच. माझा पहिला जबाब खोटा आहे. त्या वाटेने सव्वीस वर्षं माणसं उतरली, मी त्यांना रोज मोजलं. रेनकोटाचंही वाच, गाळू नकोस. लोक हसले तर हसू देत.

फळीवरचे बाकीचे खिळे रिकामे आहेत. तुझा बिल्ला मी तारेने घट्ट बांधला आहे, वाटेत पडू नये म्हणून. सात आठवडे रोज संध्याकाळी मी त्याच्यासमोर उभा राहिलो. दोनदा हात पुढे गेला, पण काढला नाही. तो मी काढायचा नसतो.

तार पक्कड घेऊन सोडव, बोट कापेल. आणि बिल्ला तुझ्या हाताने काढ.

खाली पूर्ण सही केली आहे, त्या जबाबावर आहे तशीच. दोन्ही ताडून बघायला सांग.

तू म्हणालीस तसाच,
तुझा भित्रा बाबा
(सही)