माउलीचे दहा झगे

लोमा सेका, कोचाबांबा
शनिवार, २३ ऑगस्ट

वडीलधाऱ्या फिदेलिया वन्संना धाकट्या भावजयीचा वाकून नमस्कार. मरियामातेच्या दयेने इकडे आम्ही सगळे बरे आहोत. तुम्ही आणि तुमचे दोन्ही गुडघे तिकडे इटलीत, बेर्गामोत तसेच असावेत, अशी रोज जपमाळ संपल्यावर वेगळी प्रार्थना करते. तुमच्या बंधूंचा पित्ताचा खडा जिथल्या तिथे आहे (डॉक्टर म्हणाले, तो गप्प आहे तोवर आपणही गप्प राहावं). वारा सुटला आहे, पीचच्या झाडांना फुलं आली आहेत, आणि धाकट्या अंगणातली कोंबडी अंडी कुठे घालते ते अजून सापडलेलं नाही. हे पत्र हाताने लिहून पानांचे फोटो काढून फोनवर पाठवते आहे. पानांवर आकडे घातले आहेत ते बघूनच वाचा, कारण फोटो पोचताना मागेपुढे होतात. फोटो कसे मागेपुढे होतात, हे या महिन्यात मला फार चांगलं समजलं आहे, आणि तेच लिहायला बसले आहे.

तुम्हाला आपल्या चर्चची वेबसाइट माहीत आहेच. तुम्ही सगळे परदेशातले लोक तीवर माउलीचं दर्शन घेता. जूनमध्ये भगिनीमंडळाच्या बैठकीत फादर एलिओदोरो म्हणाले की वेबसाइटवर फोटो ठेवायची जागा भरली आहे. आता एक तर जास्तीची जागा विकत घ्यायची, तीही डॉलर देऊन, नाही तर आहे ते आवरायचं. डॉलर हा शब्द ऐकून सगळ्या जणी जमिनीकडे बघायला लागल्या. मी उभी राहिले. म्हटलं, फादर, घरात जागा नाही म्हणून कोणी शेजारचं घर विकत घेत नाही, आधी माळा आवरतात. मंडळाची वही मीच ठेवते, तीत बावीस वर्षांत एक खाडाखोड नाही. फादरनी लगेच मान डोलावली. वेबसाइट सांभाळणारे वाल्तेर मास्तर निवृत्त होऊन लेकाकडे सांताक्रूझला निघालेच होते. त्यांनी संत अंतोनींच्या चित्राच्या पाठीवर परवलीचा शब्द लिहून दिला (हरवलेल्या वस्तू शोधून देणारे संत. तेव्हा मला त्यात काही विशेष वाटलं नाही).

वन्सं, काय सांगू, वेबसाइटच्या पोटात फोटोंचं एक कपाट असतं आणि ते उघडलं तर अंगावर कोसळतं. तीन हजार चारशे बारा फोटो. एकाला धड नाव नाही. बहुतेकांची नावं मोटारीच्या नंबरासारखी, आणि उरलेल्यांची ‘शेवटचा’, ‘शेवटचा खरा’, ‘शेवटचा खरा हाच’ अशी. एकोणीस फोटो कोणाच्या तरी खिशाच्या आतले. सत्तर फोटो एकाच जेवणावळीचे, त्यातल्या चाळिसांत तोच सशाचा रस्सा. घंटेचा एक फोटो एवढा अवजड की तो उघडेपर्यंत माझे बटाटे उकडून झाले. शिवाय फादरांच्या प्रवचनाची सव्वा तासाची चित्रफीत, तीत फादर दिसतच नाहीत, खांब दिसतो. मी शेंगा निवडायला बसावं तशी बसले. पंधरा दिवस रोज दुपारी भांडी झाल्यावर दोन तास. खिसे काढले, रस्सा एक ठेवला, खांब काढला (प्रवचन आवाजापुरतं वेगळं करून ठेवलं, देवाचा शब्द टाकवला नाही). प्रत्येक फोटोला नाव दिलं, वर्ष दिलं. शंभरात सत्त्याण्णव भरलेली जागा चाळीसवर आली. फादरनी रविवारी वेदीवरून माझं नाव घेतलं. तिथेच थांबले असते तर हे पत्र लिहावं लागलं नसतं.

पण मग मी माउलीच्या खणात आले. तिथे माउलीचे अकरा फोटो, अकरा वर्षांचे. तेच मुख, तोच बाळ येशू, तोच चंद्र पायाखाली. मी विचार केला, माउली एकच आहे, हे तर पहिल्या इयत्तेपासून शिकवतात. एकीचे अकरा फोटो कशाला? सगळ्यात स्वच्छ आलेला एक ठेवला आणि बाकीचे दहा काढून टाकले. माझी समजूत अशी की कपाटातला फोटो काढला तरी भिंतीवर लावलेला राहतो. तसं नसतं, वन्सं. वेबसाइटच्या पानावर फोटो नसतोच, नुसतं एक बोट असतं, ‘कपाटात अमक्या जागी बघा’ असं दाखवणारं. कपाटातून काढला की बोट रिकाम्या जागेकडे. दर वर्षी एक कुटुंब माउलीला नवा झगा अर्पण करतं, त्याचं स्वतंत्र पान असतं आणि वर कुटुंबाचं नाव. त्या दहा पानांवर फोटोऐवजी फाटक्या कागदाची खूण दिसायला लागली. मी घाबरले. माउलीचा सण तोंडावर आणि तीच फाटकी दिसते म्हणून घाईघाईने त्या दहाही जागी उरलेला एक फोटो लावून टाकला. सगळीकडे माउली झाली. समाधानाने झोपले.

उरलेला फोटो कोणता होता, हे तुमच्या लक्षात आलं असेल. निळा, चांदीच्या कणसांचा. आपला. ज्याला तुम्ही अर्ध्याहून जास्त मदत पाठवली होती तो.

म्हणजे वर ‘तेर्रासेस कुटुंबाकडून’ आणि खाली आपला निळा झगा. वर ‘आर्नेस कुटुंबाकडून’ आणि खाली आपला निळा झगा. दोन दिवसांत स्पेनमधून, इटलीतून, ब्यूनोस आयरेसमधून फोन सुरू झाले. बिचाऱ्यांची चूक नाही. तिकडे राबून मुलं झग्याला पैसे पाठवतात, सणाला येता येत नाही, तो फोटोच त्यांचा सण. मंगळवारी बैठक भरली. पहिल्या रांगेत बासिलिया रोकाबादोबाई, बाजारात मक्याच्या गरम आपीचे पेले विकायचा गाडा लावतात त्या, हात कमरेवर.

“काय गं एउलालिया, माझ्या लेकीने परक्या म्हाताऱ्यांची सेवा करून लाल मखमलीचा झगा दिला, तो माउलीने तुझ्या सांगण्यावरून उतरवला होय?”

“बाई, माउली एकच आहे,” मी म्हटलं.

“माउली एक, पण झगे अकरा! तू घरात नवऱ्याचा एकच फोटो ठेवतेस का?”

“हो,” मी म्हटलं, कारण ते खरंच आहे, लग्नातला. सगळ्या हसल्या, फादरसुद्धा. मला हसू आलं नाही.

वाल्तेर मास्तरांना तिथूनच फोन लावला. राखीव प्रती ठेवल्या होत्या का, विचारलं. म्हणाले, “ठेवल्या होत्या की. त्याच कपाटात, सगळ्यात खाली, नावापुढे दोनचा आकडा घालून.” (त्या तर मी सगळ्यात आधी काढल्या होत्या. दोनदा ठेवलेली वस्तू मला बघवत नाही.)

फादरनी निकाल दिला. यंदा सणाच्या आदल्या संध्याकाळी माउलीला झगा चढवायचा मान माझा आहे. चौदा वर्षं यादीत थांबले आहे, तुम्हाला ठाऊक आहे. रविवारी, एकतीस तारखेला प्रार्थनेआधी दहाच्या दहा झगे आपापल्या पानावर परत आले तर मान माझा. नाही तर तो बासिलियाबाईंचा आणि माझं नाव यादीच्या तळाला. पुढे तेवीस जणी आहेत. माझी पाळी येईल तेव्हा मी एक्याऐंशीची असेन, हात थरथरत असतील, टाचणी माउलीलाच टोचेन.

तेव्हापासून घरोघर फिरते आहे. लोकांनी माउलीचे फोटो चौकटीत, काचेआड लावलेले. काचेवरून फोटो काढला की काचेतली मीही येते. तेर्रासेसांच्या हिरव्या झग्यात माउलीच्या उजव्या खांद्याशी एक बाई फोन धरून उभी दिसते. फादरना दाखवला. ते म्हणाले, राहू दे, पश्चात्ताप करणारी पापी स्त्री वाटते. आर्नेसांच्या फोटोत मागे त्यांच्या टीव्हीवरची मालिका चालू आहे. पण पांढरा आला, जांभळा आला, मोत्यांचा आला. नऊ झाले. प्रत्येकाला नाव दिलं, वर्ष दिलं, आणि प्रत्येकाची प्रत वेबसाइटबाहेर, तुमच्या बंधूंच्या कॉम्प्युटरवर ठेवली, शिवाय मंडळाच्या पेन ड्राइव्हवर. दोनदा ठेवायला शिकले.

बाकी सर्व क्षेम. अंजिराच्या मुरंब्याची बाटली मार्सियालच्या हाती पाठवते आहे, तो महिनाअखेरीस तिकडे येतो आहे. आपला आशीर्वाद असावा.

तुमची भावजय,
एउलालिया

ता. क. राहिलेला दहावा झगा बासिलियाबाईंचा, लाल मखमलीचा. त्यांच्या घरातला फोटो छप्पर गळून भिजला. म्हणाल्या, “नेल्वाकडे आहे, पण मी मागणार नाही. ज्याने हरवला त्याने मागावा.” त्यांची नेल्वा तिथेच बेर्गामोत, तुमच्याच चर्चमध्ये येते. माझा फोन ती उचलत नाही. तेव्हा वन्सं, उद्याच्या प्रार्थनेनंतर तुम्ही तिच्याकडे जाऊन तो फोटो मागून घ्या. ज्यावर आपण गप्पा मारतो त्यातून पाठवू नका, तिथून फोटो टपालाच्या तिकिटाएवढा होऊन येतो. पूर्ण आकाराचा, मेलने.

ता. क. २. तुम्ही आणि नेल्वा तीन वर्षं एकमेकींशी बोलत नाही, हे मला ठाऊक आहे. तरी जा.

ता. क. ३. वर जे लिहिलं ते नऊ फोटोंपुरतं पूर्ण खरं आहे. लाल झग्याशी मी जरा थांबले होते. तो बासिलियाबाईंचा हे दिसत होतं, आणि त्यांनी भर बाजारात, आपीच्या गाड्यापाशी, ‘फिदेलियाने माझ्या नेल्वाचं शेंगदाण्याच्या सुपाचं मोठं पातेलं नेलं ते परत दिलं नाही’ असं चारचौघींना सांगितलेलं मला आठवलं. आपल्या घरचं नाव होतं, मला सहन झालं नव्हतं. कॉम्प्युटरने विचारलं, नक्की काढायचा? मी म्हटलं, नक्की. फादरपाशी पापकबुली दिली आहे. ते म्हणाले, मन साफ कर आणि फोटो आण. तेव्हा नेल्वाकडे जाल तेव्हा पातेलंही घेऊन जा. घासून न्या.