सातव्या शेळीची नळी

४ मार्च १९६४, बुधवार
"शेळीची मान घट्ट धरा," डॉक्टर टिपणीस म्हणाले. धरली. शेळीनं माझ्या सदऱ्याची बाही चघळली. त्यांनी तिच्या गळ्यातली धमनी आणि शीर प्लॅस्टिकच्या बोटभर नळीनं जोडली. चौदा दिवस नळीत रक्त गोठलं नाही, तर पुढे ती मूत्रपिंडं निकामी झालेल्या माणसांना यंत्रानं रक्त शुद्ध करायला लावता येईल. आधीच्या सहा शेळ्या तिसरा दिवस ओलांडू शकल्या नाहीत.
"नोंदीत काय लिहू?"
"वाहतंय की गोठलं. विशेषणं नकोत."
एम. ए.ला मी मराठी घेतलं होतं.
शेळी आपटा गावच्या हौसाबाईंची. विकली, पण दावं सोडून घेतलं. "दावं नाय देत आमी. गोठ्याची बरकत जाते." पनवेलच्या बाजारातून प्रयोगशाळेपर्यंत मी शेळी कानाला धरून आणली.

७ मार्च
वाहतंय.

९ मार्च
नळीला स्टेथोस्कोप लावला की घूं असा आवाज येतो. डॉक्टर पाच मिनिटं ऐकत होते. तपासायला एक मिनिट पुरतं.

११ मार्च
भाजी विकून झाली की हौसाबाई पाला घेऊन येतात. शेळीला रोज डॉक्टर तपासतात, ही बातमी आपट्यात पसरली आहे. आज नवऱ्याला, दादूंना, आणलं. "खोकला हाय. शेलीला लावली तशी नली यांना पन लावा."
डॉक्टरांनी सुरी दाखवली. दादूंचा खोकला तिथंच थांबला.

१६ मार्च
वाहतंय. परवा शेळी मारायची, नळी आणि शिरा आतून बघायच्या. हौसाबाईंना सांगायचं काम माझ्याकडे. विशेषणांशिवाय सांगितलं. पाला ठेवून त्या गेल्या.

१७ मार्च
आज दावं घेऊन आल्या. "घेतलेले पैसे परत करते. माजी शेली द्या."
"बाई, हे शास्त्र आहे," डॉक्टर म्हणाले.
"मंग तुमच्या गल्यात घाला."
डॉक्टर नाही म्हणाले. संध्याकाळी प्रयोगशाळेच्या गोठ्याला स्वतः कुलूप लावलं. किल्ली एकच, त्यांच्या जानव्याला असते.

१८ मार्च, सकाळ
गोठा रिकामा. कुलूप लावलेलं, शाबूत.
"लिहा, जनावर पळालं," डॉक्टर म्हणाले. लिहिलं.
मग त्यांनी स्टेथोस्कोप पिशवीत घातला आणि आपट्याची एस. टी. किती वाजता आहे ते विचारलं.