अँडर्सचा मका

मी, इंगेबोर्ग ट्वेट, दिवंगत हॅल्वोर ट्वेट यांची पत्नी, वय अडुसष्ट, राहणार रिजफील्ड, आयोवा, पूर्ण शुद्धीत आणि कोणाच्याही दडपणाखाली न येता हे लिहून ठेवते. गुडघे गेले आहेत, डोकं शाबूत आहे. शंका असेल त्याने माझ्या जावयाला विचारावं. शेत नावावर करून घ्यायला तो वर्षभर माझ्या मागे लागला आहे, अजून जमलेलं नाही.

१. घर, गाई आणि डुकरं मुलगी गुडरून हिला. मक्याच्या प्रदर्शनात हॅल्वोरने मिळवलेल्या निळ्या रिबनी तिच्या पोरींच्या वेण्यांना बांधाव्यात. दहा कणसं एकसारखी, ओळी सरळ, टोकापर्यंत दाणे, की झाला पहिला नंबर. परीक्षक माझ्या हातचं जेवून जायचे. एकरी उतारा किती, हे एकानेही विचारलं नाही.

२. शेत मुलगा अँडर्स याला. शेतकी कॉलेजातून आल्यावर त्याने एकेका कणसाचं बी वेगळ्या ओळीत पेरून उतारा मोजला. वाकड्या, बुटक्या कणसांनी बक्षिसाच्या मक्याला मागे टाकलं. "माझ्याच घरात राहून मला नापास करतोस?" एवढंच बाप बोलला आणि ते बियाणं त्याने डुकरांना घातलं. अँडर्स त्याच आठवड्यात पश्चिमेकडे निघून गेला. बापाच्या मातीलाही आला नाही.

३. डुकरांच्या तोंडातून वाचवलेली चार कणसं मी परसात पेरली आणि दरवर्षी बी धरत गेले. अँडर्सचं वाण शुद्ध राखते आहे, अशा समजात होते. कुंपणापलीकडे हॅल्वोरचा मका उभा असे, हे मनातच आलं नाही. मागच्या कापणीला जिल्ह्याचे शेतकी सल्लागार ऑर्व्हिल केंप यांनी कणीस सोलून पाहिलं.

"बाई, वाऱ्याने तिकडचा पराग इकडे आणलाय," ते म्हणाले. "हे आता एकट्या अँडर्सचं राहिलं नाही. यात दोघंही आहेत."

मी त्यांच्यासमोरच रडले. तरी हे बी अँडर्सलाच द्यावं, आणि खरं सांगून द्यावं. पेरायचं की दळून खायचं, ते त्याचं तो ठरवील.

४. त्याचा शोध घ्यावा. वर्षभरात तो आला नाही, तर शेत गुडरूनचं. जावयाचं नव्हे.

५. मला हॅल्वोरच्या लगत पुरू नये. त्याच्या शेजारची जागा अँडर्ससाठी मोकळी सोडून मला पलीकडे ठेवावं. जन्मभर त्या दोघांच्या मध्ये मी उभी राहिले. आता मला बाजूला व्हायचं आहे.

सही: इंगेबोर्ग ट्वेट
आमच्या समक्ष सही केली: ऑर्व्हिल केंप, शेतकी सल्लागार; थोरा नेसहाइम, शेजारीण
रिजफील्ड, ९ मार्च १९२७