चाळीस शब्द, ओळीने

४ फेब्रुवारी, मंगळवार
रोजनिशी आजपासून पुन्हा सुरू. मागची नऊ जानेवारीला बंद पडली. दोष वहीचा होता, कागद शाई पीत होता.

कारणही तसंच आहे. हॉस्पिटलच्या चौकशी खिडकीवरचे काका पुढच्या महिन्यात रिटायर होतायत. ती खुर्ची म्हणजे तळमजला, ऊन, पंखा, येणाऱ्या-जाणाऱ्यांचा नमस्कार. मी वीस वर्षं तळघरात, रेकॉर्ड रूममध्ये. साठ हजार फाइली आणि एक ट्यूबलाइट. खुर्ची माझीच आहे, फक्त तसं अजून कोणी जाहीर केलेलं नाही.

साहेबांनी मात्र अट घातली. खिडकीवर बसणाऱ्याला डॉक्टरांची इंग्रजी चिठ्ठी वाचून पेशंटला साध्या भाषेत सांगता आलं पाहिजे. त्यासाठी पाच आठवड्यांचा वर्ग, मंगळवार-शुक्रवार, दुपारी तीन. शेवटी परीक्षा. सहा उमेदवार. बाकी पाच जणांची दया येते.

७ फेब्रुवारी, शुक्रवार
पहिला वर्ग. मॅडम माझ्या निम्म्या वयाच्या. खडू नाही, फळा नाही. भिंतीवर कापडाचा मोठा तक्ता टांगला, त्यावर चौकटी. म्हणाल्या, हे शब्दकोडं आहे, आपण खेळत खेळत शिकणार. चाळीस शब्द, चाळीस कार्डं. त्या कार्ड वाचणार, म्हणजे पेशंट काय सांगतोय ते. आपण आजाराचा किंवा उपचाराचा इंग्रजी शब्द ओळखायचा आणि चौकटीत लावायचा. ज्याला आधी सुचेल त्याने टेबलावरची घंटी वाजवायची.

मी पाठशाळेत आठ वर्षं काढली. तिथे घंटी फक्त जेवणाची वाजायची. विद्या अशी येत नाही, असं मॅडमना सौम्यपणे सांगितलं. त्यांनी सौम्यपणे खाली बसायला सांगितलं.

जोड्या पाडल्या. माझ्या वाट्याला तिसऱ्या मजल्यावरच्या वॉर्डातली मावशी. सातवी पास. बावीस वर्षं बेडपॅन उचलतेय, आता गुडघे बोलतात, जिने चढवत नाहीत, म्हणून खिडकी पाहिजे म्हणाली. मी म्हटलं, मावशी, काळजी नको, मी आहे. ती म्हणाली, “तीच तर काळजी आहे, पंडित.”

सगळे मला पंडित म्हणतात. आदर आहे.

११ फेब्रुवारी, मंगळवार
एकही शब्द आला नाही. अर्थात मी मुद्दाम गप्प बसलो, इतरांचा अंदाज घेत होतो. मावशीने सहा वेळा घंटी वाजवली. मॅडम नुसतं म्हणाल्या, “पोटात जळजळ, उपाशीपोटी जास्त,” की मावशी म्हणते “अल्सर.” कसं ओळखलंस विचारलं, तर म्हणे बारा नंबरच्या आजोबांना होता, रात्रंदिवस बिस्किटं मागायचे.

ही काही अभ्यासाची पद्धत नव्हे. प्रत्येक शब्दामागे एक म्हातारा धरून ठेवायचा म्हणजे डोक्यात वॉर्ड उघडण्यासारखं झालं.

मॅडमनी मला विचारलं, पंडित, वीस वर्षं फाइली लावता, एवढे शब्द डोळ्यांखालून गेले असतील. मी फाइली नंबराने लावतो, आजाराने नाही, हे स्पष्ट केलं.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार. संध्याकाळी सहा
शोध लागला! मॅडमची कार्डं रोज त्याच क्रमाने येतात. एक ते चाळीस. रबर लावलेला गठ्ठा, वरून एकेक काढतात. म्हणजे कार्ड ऐकायची गरजच नाही. ओळ पाठ असली की झालं.

आणि पाठ करणं म्हणजे कोणापुढे बसलाय तुम्ही! नऊ वर्षांचा असताना मी शब्दरूपं सुलटी म्हणून दाखवायचो, मग उलटी, मग एकाआड एक. अर्थ पुढे पाच वर्षांनी कळले, काही तर अजून कळायचेत. काही अडलं नाही.

हिला सांगितलं. ही म्हणाली, बरं. माझी बायको तेव्हा घराच्या जिन्यात बसलेली होती. आजकाल दुसऱ्या मजल्यावर येताना मध्येच पायरीवर बसते. व्यायाम नाही, दुसरं काय.

१८ फेब्रुवारी, मंगळवार. पहाटे पाच
चार-चार शब्दांचे दहा चरण पाडले.
हर्निया बायोप्सी डायलिसिस व्हर्टिगो,
एडीमा सेप्सिस अल्सर अनीमिया...
चाल बसली. मांडी घालून, पाठ ताठ, डोळे मिटून शंभर वेळा. ही उठून आली आणि कोणी गेलंय का, असं विचारलं.

दुपारी वर्गात पहिल्या आठ घंट्या माझ्या. सहाव्या कार्डाला तर मॅडमनी तोंड उघडायच्या आत “सेप्सिस” म्हणालो. सगळे थक्क. मॅडमही बराच वेळ माझ्याकडे बघत राहिल्या. गुणवत्ता पाहिली की माणूस असा बघत राहतो.

मावशी रागावली. म्हणाली, “अहो, निदान त्या पेशंटला बोलू तरी द्या!” मी म्हटलं, कुठला पेशंट? कागदाचं कार्ड आहे.

२१ फेब्रुवारी, शुक्रवार
वीस शब्द झाले. मावशीला वर्ग संपल्यावर माझी पद्धत शिकवायचा प्रयत्न केला. ‘अल्सर’पाशी थांबली आणि त्या बिस्किटवाल्या आजोबांचं सांगत बसली. पुढे सरकेचना. मी ठरवलंय, खिडकी मिळाली की तिला मागे एक स्टूल द्यायचं. पाणी वगैरे देईल पेशंटना.

घरी आलो तर ही कोपऱ्यावरच्या लॅबमधून रक्त तपासून आलेली. परस्पर! रिपोर्ट पुढे केला आणि विचारलं, यात काय लिहिलंय. पाहिलं तर काय, खाली ठळक अक्षरांत अनीमिया! ओळखीचा माणूस परगावी भेटावा तसा आनंद झाला. म्हटलं, अगं, हा तर माझा आठवा शब्द.
ती म्हणाली, म्हणजे काय पण?
म्हटलं, म्हणजे अल्सरनंतर येतो.
ती थोडा वेळ माझ्याकडे बघत राहिली. वर्गातल्या मॅडमसारखीच. मग म्हणाली, तुमची परीक्षा होऊ द्या, मग बघू. समजूतदार आहे. रिपोर्ट या वहीत खूण म्हणून ठेवला, पान जाडसर आहे.

२५ फेब्रुवारी, मंगळवार
तीस. तीन शब्द श्वास न घेता म्हणता येत नाहीत, तिथे विराम ठेवला.

खिडकीवरचे काका भेटले. म्हणाले, पंडित, लोक तिथे रडत येतात, घाबरून येतात, चिठ्ठी पुढे करतात आणि विचारतात, साहेब, हे फार वाईट आहे का? त्यांना सांगता आलं पाहिजे. मी म्हटलं, आवाज खणखणीत आहे माझा. काका म्हणाले, हो, तो आहे.

२८ फेब्रुवारी, शुक्रवार
चाळीस! सुलटे सव्वा मिनिटात, उलटे दोन मिनिटांत. एकाआड एकही येतात, पण ते कोणी विचारत नाही.

ही कणीक मळता मळता खाली बसली. उकाडा आहे. पंख्याखाली बस म्हटलं आणि तिला उलटे चाळीस म्हणून दाखवले. डोळे मिटून ऐकलं तिने. भारावली असावी.

४ मार्च, मंगळवार
नियुक्तीनंतर साहेबांना द्यायचं आभारपत्र लिहून ठेवलं. हॉस्पिटलची सगळी मराठी पत्रं मीच लिहितो, तेव्हा हेही मलाच लिहावं लागणार. “आपण दाखवलेल्या विश्वासास मी पात्र ठरेन” इथे ‘ठरेन’ ऐवजी ‘ठरलोच आहे’ करावं का, यावर दुपार गेली.

मावशीने वर्गात विचारलं, पंडित, वहिनी कशा आहेत? परवा बाजारात भेटल्या, तोंड अगदी पांढरंफटक दिसलं. म्हटलं, रंग उजळच आहे तिचा.

७ मार्च, शुक्रवार
शेवटचा वर्ग. मॅडमनी सांगितलं, परीक्षेला एकेकाला पुढे बोलावणार, साहेबही असतील. बाकीचे मागे बसून ऐकतील. कोडं तेच, शब्द तेच.

तेच! मी मनातल्या मनात मॅडमना आशीर्वाद दिला.

मावशी अस्वस्थ होती. म्हणाली, नाही झालं तर पुन्हा तीन मजले आहेतच, डॉक्टर म्हणतात गुडघ्याचं ऑपरेशन करावं लागेल, नाहीतर बसून काम शोधा. मी तिला धीर दिला. स्टुलाबद्दल सांगितलं. ती म्हणाली, “पाठ असलेलं स्टूल बघा, पंडित.”

११ मार्च, मंगळवार. सकाळी
इस्त्रीचा सदरा. ही म्हणाली, आल्यावर तो रिपोर्ट आठवणीने काढा. हो म्हटलं. मनात नववा चरण चालू होता.

११ मार्च. संध्याकाळी साडेपाच
आज जे झालं त्याची नोंद शांतपणे करतो.

माझा नंबर पहिला. पुढे गेलो, नमस्कार केला. मॅडमनी गठ्ठ्याचं रबर काढलं आणि पत्ते पिसतात तशी कार्डं पिसली. सरळ माझ्यादेखत! तक्ताही नवीन, चौकटी नव्या, कुठे आकडा नाही. साहेब म्हणाले, चला पंडित, समजा मॅडम पेशंट.

मॅडमनी टेबल घट्ट धरलं. उभं राहिलं की खोली गरागरा फिरते, डोळ्यांपुढे सगळं गोल गोल, असं काहीतरी म्हणाल्या. मी घंटी वाजवली. पहिला शब्द पहिलाच असतो. “हर्निया.”

साहेबांना खोकला आला.

दुसरं कार्ड. हाताला सुरी लागली, डॉक्टरांनी दोऱ्याने शिवलं. “बायोप्सी.” तिसरं, पायावर सूज. “डायलिसिस.” चौथं ऐकलंच नाही, “व्हर्टिगो.” मागे कोणीतरी हसलं. पद्धत सोडायची नाही हे मला लहानपणीच शिकवलंय. मध्ये थांबलं की ओळ तुटते, आणि पुन्हा हर्नियापासून सुरुवात करावी लागते. पाचवं, सहावं, सातवं. मॅडम “नाही” म्हणत होत्या, दर वेळी जरा हळू.

आठवं कार्ड. त्या कोणासारखं न बोलता साधंच बोलल्या. जिना चढताना दम लागतो. मध्येच बसावं लागतं. चेहरा पांढरा पडलाय. नखं पांढरी. काम करता करता चक्कर येते. अंगात रक्तच उरलं नाही असं वाटतं.

मी घंटी वाजवली. “अनीमिया.”

बरोबर! मॅडम टाळी वाजवत उठल्या, साहेबांनीही वाजवली, मावशीने सगळ्यांत जोरात. पद्धत सिद्ध झाली. मला हात वर करून नमस्कार करायचा होता. पण हात घंटीवरच राहिला होता, आणि मला जिना दिसत होता. आमचा. दुसऱ्या मजल्याचा.

मॅडम म्हणाल्या, चला, नववं.

मला बाकीचे बत्तीसही येत होते, हे इथे नमूद करून ठेवतो. पण घरी एक काम निघालं. तसं सांगून बाहेर पडलो. घंटी खिशात आली होती, ती मावशीने दारात काढून घेतली आणि म्हणाली, रक्त कमी असतं त्याला अनीमिया म्हणतात, घाबरू नका, गोळ्यांनी बरं होतं, पण आजच दाखवा. पळा.

पळालो नाही. जरा भरभर चाललो.

१२ मार्च, बुधवार
हिला घेऊन हॉस्पिटलात. रिपोर्ट या वहीतून काढून दिला. एकोणीस दिवस खूण म्हणून वापरल्याने मध्ये घडी पडलेली. डॉक्टरांनी विचारलं, इतके दिवस का थांबलात? मी वहीकडे पाहिलं. ही म्हणाली, यांची परीक्षा होती.

तीन महिने लोहाच्या गोळ्या. पुढच्या महिन्यात पुन्हा रक्त तपासायचं. गंभीर काही नाही. रिक्षातून आलो. जिना चढताना मी दर सहा पायऱ्यांना थांबलो. दम मलाच लागला होता, असं हिला सांगितलं. तिने मान्य केलं.

१३ मार्च, गुरुवार
निकाल. मावशी चाळीसपैकी अडतीस. दोन चुकलेच. मी आठपैकी एक. पण टक्केवारी काढताना माझं प्रकृतीच्या कारणाने लवकर जाणं विचारात घ्यायला हवं होतं. कोणाच्या प्रकृतीच्या, ते नियमात कुठे लिहिलंय?

साहेबांनी तळघरात निरोप पाठवला की मावशीचं नियुक्तीपत्र मीच लिहावं. लिहिलं. आभारपत्रातली दोन वाक्यं कामी आली. ‘ठरेन’चं ‘ठरलाच आहात’ केलं.

१७ मार्च, सोमवार. सकाळी
खिडकीवर मावशी. तिथे उगाच रेंगाळलो नाही, दुसऱ्या जिन्याचं काम चालू असावं असं वाटलं. एक म्हातारी चिठ्ठी हातात घेऊन थरथरत होती. मावशीने चिठ्ठीकडे बघितलंच नाही आधी. तिला बसवलं, पाणी दिलं, मग वाचून म्हणाली, आजी, यात घाबरण्यासारखं काही नाही, आमच्या पाच नंबरला पण हेच होतं, आता भाजीची गाडी चालवतो.

मागे स्टूल होतं. पाठ असलेलं. मला बसा म्हणाली. बसलो नाही. थोडाच वेळ बसलो.

१७ मार्च. संध्याकाळी सात
आजपासून अभ्यास नव्याने, या वेळी अर्थासह. पुढे कधी ना कधी खिडकी पुन्हा रिकामी होईलच, मावशीही माणूसच आहे. चाळीस अर्थ तिच्याकडूनच लिहून आणले. तिने आजोबा, आज्या, भाजीवाले सगळे वगळून नुसते अर्थ द्यावेत अशी अट मी घातली होती. तिने पाळली नाही. मी गाळून घेतले.

चार-चारचे दहा चरण पाडले. चालही बसली. हिने गोळी घेता घेता ऐकले.

चाळीस शब्द ओळीने पाठ आहेत. चाळीस अर्थही ओळीने पाठ झाले. कोणता अर्थ कोणाचा, ते सावकाश लावू.

आठव्याचा तेवढा पक्का आहे.