मुराळ्याची पकड

कडाव, मंगळवार

ती. सौ. मोतीताईस,

विठूचा लवून नमस्कार, आणि तू रागावली असशील (आहेसच) तर आणखी एक, जरा जास्त लवून. दाजींचा गुडघा कसा आहे? इकडे सगळे ठीक, म्हैस व्यायली, पारडी झाली. फोन सोडून पत्र का, असं विचारशील. ताई, फोनवर तू दुसऱ्याला बोलू देत नाहीस, म्हणून.

काल तू मला मुराळी करून कर्जत स्टेशनवर धाडलंस (लग्नाआधीच मुराळी, हे तुझंच डोकं). पुण्याहून निशिगंधा येईल, तिला टेंपोत बसव आणि बघायला पाहुणे यायच्या आत थेट खालापूरला आणून सोड, एवढंच काम. मी ते मनावर घेतलं होतं, शर्टसुद्धा इस्त्रीचा घातला होता. पण तुझी लेक गाडीतून उतरली ती तोंड पाडून. म्हटलं, आधी चहा पाजू. (कडाव खालापूरच्या वाटेवर नाही, बरोबर उलट्या बाजूला आहे, हे मलाही माहीत आहे. पण चहा घरचाच चांगला.)

टेंपोत तिने प्रयोगशाळेतलं दुःख सांगितलं, आणि ते मला कळलं! आपल्या अंगातली प्रत्येक पेशी म्हणजे एक घर, आणि त्याची भिंत चरबीची. मिठातलं क्लोराइड पाण्यात सुखी असतं, पण चरबीच्या भिंतीतून त्याला एकट्याने जाता येत नाही. त्यासाठी देवाने दारं ठेवलीत. काही पोरांची ती दारं जन्मापासून चालत नाहीत, मग छातीतला कफ घट्ट होऊन बसतो आणि श्वास घेणं जड जातं. तर आपली निशिगंधा असा एक रेणू बनवते, की त्याने क्लोराइडचा हात धरायचा, भिंतीपार न्यायचं, तिथे सोडायचं आणि पुढच्याला न्यायला रिकामं परत यायचं. मी ब्रेकच दाबला. अगं, हा तर मुराळी! सासरी जायचं, लेकीला आणून माहेरी सोडायचं! ती हसली, आणि लगेच पुन्हा हिरमुसली. तीन वर्षं ती रेणूची पकड घट्ट करत होती, आणि जितकी घट्ट करावी तितकं कमीच पलीकडे पोचत होतं.

घरी आल्यावर मला स्वस्थ बसवेना. खळं नुकतंच सारवलं होतं, ती झाली चरबीची भिंत. सासूबाईंना, म्हणजे आनंदीबाईंना, क्लोराइड केलं. ("जावयानं आजवर लय नावं ठेवली, ह्ये नवीन हाय," असं म्हणाल्या, पण उभ्या राहिल्या.) रेणू म्हणून शेजारचा कोंडाजी, कारण आमच्या आळीतल्या लेकी आणायला त्यालाच पाठवतात. ओल्या सारवणावर म्हातारी घसरू नये म्हणून त्याने मनगट असं आवळलं, की खळं ओलांडून ओटा आला तरी सोडीना.

"पोचली रं मी! सोड की आता, हात हाय का सांडशी?" सासूबाई ओरडल्या.

"आन् पडलीस तर?" म्हणत त्याने आणखी आवळलं.

आणि खळ्याच्या अलीकडे आमची ही, तेजश्री, दुसरं क्लोराइड म्हणून पदर खोचून उभी होती, तिला न्यायला कोणी येईचना. निशिगंधाच्या हातातली कपबशी खाली पडली (तेजश्रीच्या आंदणातली, त्यावर नंतर रामायण झालं). तिने तिथूनच पुण्याला प्रयोगशाळेतल्या मैत्रिणीला, रियाला, फोन लावला. ढिल्या पकडीचा म्हणून त्यांनी एक रेणू अडगळीत टाकला होता, तो आजच्या आज तपासायचा!

मग आम्ही सगळे ओट्यावर बसून राहिलो. तुझे फोन मला दिसत होते, ताई, सगळे. पण रियाचा येईल म्हणून मी माझा फोन मोकळा ठेवला होता. (रिया निशिगंधाच्या फोनवर बोलणार होती, हे मागाहून लक्षात आलं.) दिवेलागणीला निरोप आला आणि पोरगी खळ्यात नाचत सुटली, "विझला, मामी, विझला!" तेजश्री धावत देवघरात. समई शांतपणे जळत होती, तरी तिने तेल घातलं. पुढे उलगडा झाला तो असा: तिकडे चरबीचे बारीक बुडबुडे करून त्यांत चमकणारा रंग भरतात. क्लोराइड आत शिरलं की चमक मंदावते. ती भराभर मंदावली, म्हणजे मुराळी खेपा घालू लागला! ताई, मला रडूच फुटलं. कोंडाजीही रडला, त्याने तोवर सासूबाईंचा हात सोडलेला होता. या भानगडीत तिकडे तुझ्याकडे पाहुणे येऊन पोहे खाऊन गेले, त्याबद्दल कान धरतो.

तुझा धाकटा आणि सध्या तोंड लपवून असलेला,
विठू

ता. क. हे अजून बुडबुड्यांतच चाललंय, औषध फार लांब आहे, कदाचित होणारही नाही, म्हणून पेढे वाटू नका, असं निशिगंधाने बजावलंय. वाटून झालेत.

ता. क. दुसरा. आता खरं. परदेशातल्या एका प्रयोगशाळेने तिला दोन वर्षांसाठी बोलावलंय. तिला जायचंय, पण तुला सांगायची छाती होत नाही. तू वाईट नाहीस गं, तुझा कोंडाजी झालाय. तू लग्न होऊन निघालीस तेव्हा मी तुझ्या शालूचा पदर मुठीत धरून बसलो होतो, आठवतंय? तूच रडत रडत माझं एकेक बोट सोडवलंस आणि गेलीस. मला तेव्हा फार राग आला होता. पण नंतर दर सुट्टीत खालापूर माझंही घर झालं ना?

ता. क. तिसरा. हे पत्र निशिगंधाच तुझ्या हातात देईल. मी कोपऱ्यावर टेंपोत आहे, इंजिन चालू ठेवून (तू बाहेर आलीस तर पळायला). ती आत्ता तुझ्या शेजारी असेल, आणि वाचता वाचता तुझा एक हात तिच्या मनगटावर गेला असेल. बघ बरं जरा.