शेवटचा दोर ओढताना

प्रिय ताई,

फोन उचलत नाहीस, म्हणून हा खटाटोप. अक्षर आधीच कोंबडीचे पाय, त्यात दोर ओढून बोटं सुजलीत. शाळेत टिकलो नाही, कुठल्या कामावरही टिकलो नाही. आता इथे खांबावर लटकतोय. आईला सांग, जेवतो पोटभर.

कापडाची छतं चढवतो आम्ही. खांब, पोलादी दोर नि मधे पांढरं कापड, बस. तू काड्यांवर माझे मोजे ताणून बघायचीस तेव्हा मी बोंबलायचो, भोकं पाडलीस म्हणून. आता कळतं काय शोधत होतीस ते. वजन कमी करत जायचं नि सगळं ताणावर तोलायचं. आमचा मुकादम म्हणतो, हे बांधकाम नव्हेच, वाऱ्याशी भांडण आहे.

तू आखलेलं बाजाराचं छत पडलं आणि तू छतं आखणंच सोडलंस. सैलावलेलं कापड मालकानं पुन्हा ताणून घेतलं नाही, खळग्यात पाणी साचलं. चौकशीत तुला कुणी बोल लावला नाही. तरी छताखाली सापडून त्या फळवालीचा पाय गेला, तो तू स्वतःच्या माथी घेतलास. आता तळघरांचे हिशोब करतेस. जमिनीखालचं कुठे पडणार, असं आईला म्हणालीस म्हणे.

तुला सांगितलं नव्हतं, पण इथल्या बसस्थानकाचं छत तुझंच आहे. बाजाराच्या आधी आखलेलं. तुझ्या जुन्या कचेरीनं तो आराखडा आता बाहेर काढला.

इथली रीत अशी, की शेवटचा दोर ओढताना ज्यानं छत आखलं त्यानं खाली मधोमध उभं राहायचं. नाहीतर कुणी वर चढत नाही. कचेरीनं एक कोवळा इंजिनिअर पाठवला, तर मुकादम म्हणाला, रांधलं एकीनं, चाखायला हा कोण? सगळे खो खो हसले. मग कुणीतरी म्हणालं, तिचाच तिच्या छतावर भरवसा नाही, ती कशाला येतेय? माझं डोकं फिरलं. म्हणालो, सख्खा भाऊ आहे, मी उभा राहतो. ते चाललं त्यांना.

महिनाअखेरीला दोर ओढायचाय. ये म्हणून गळ घालत नाही. पण मी बोललो ते भावाचं बोलणं, मला हिशोबातलं काय कळतं? तुझे कागद पुन्हा एकदा काढून बघ. तिळाएवढी शंका असली तर फोन कर, चारचौघांत माघार घेईन, नाक कापलं गेलं तरी चालेल. आणि नसली, तर ‘उभा राहा’ एवढं तुझ्या तोंडून ऐकू दे. तुला त्या तळघरात बघवत नाही गं.

तुझाच,
भटक्या