तीनदा इस्पिकची राणी

नागाव,
मंगळवार, ११ नोव्हेंबर

चि. सिद्धेशला आईचे आशीर्वाद.

परवा सगळ्यात आधी उगवली चंद्राबाई. तुझ्या हेमांगीची सासू. मी ओट्यावर सुपाऱ्या निवडत बसले होते, तर रिक्षातून ही उतरली, नवी साडी, हातात पेढ्यांचा पुडा. मागून तुझा जावई. कुलदीप जाडा झालाय रे, मान दिसतच नाही. तू माझा फोन उचलत नाहीस म्हणून कागद लिहिते. चौथीपर्यंतचं अक्षर आहे, सांभाळून घे.

आधी गंमत सांगते. मी पत्त्यांची जादू शिकले! हेमांगीच्या उजव्या हाताचं प्लास्टर निघालं तेव्हा डॉक्टर म्हणाला, बोटं हलती ठेवा. ती पत्ते पिसायला बसली. फोनवर बघून जादू शिकली आणि मला शिकवली. तू एक पान काढायचं, बघायचं, गड्डीवर ठेवायचं. मी पिसते, पण ते पिसणं खोटं. वरचं पान आधी एकटं ओढायचं, बाकीची त्याच्यावर टाकायची, म्हणजे ते तळाला जातं. दुसऱ्या फेरीत सगळी टाकून झाली की तेच एकटं शेवटी वर. बघणाऱ्याला वाटतं सगळं मिसळलं. महिनाभर माझ्या हातातून पत्ते चुलीपर्यंत उडत होते. हेमांगी हसायची. तिचं हसू मी किती दिवसांनी ऐकलं ते लिहीत नाही.

तर चंद्राबाई म्हणाली, "गोदूबाई, झालं गेलं. पोरीला घेऊन जायला आलोय."

मी म्हटलं, "बोटं कुणी दारात चेमटली?"

"दार वाऱ्यानं लागलं," कुलदीप म्हणाला.

"दोनदा?" आतून हेमांगी म्हणाली.

तो उठला. चंद्राबाईनं त्याला खाली बसवला नि म्हणाली, "देवीलाच विचारू. कौल घेऊ. देवी सांगेल ते मला मान्य हाय." कौलावर तिचा फार जीव. म्हशीचा सौदासुद्धा ती कौल घेतल्याशिवाय करत नाही. पण आपला गुरव पेणला लेकीकडे गेलेला, देवीला कौलाची फुलं लावणार कोण? मी म्हटलं, पानांवर घेऊ. गौरी जागवताना देवीसमोर पत्ते खेळतोच की आपण. लाल निघालं तर हेमांगी आत्ता चपला घालील. काळं निघालं तर इथंच राहील. तिला पटलं. हेमांगीचं तोंड पांढरंफटक पडलं.

गड्डीला हळदकुंकू लावलं, देव्हाऱ्यासमोर बसले, नि पिसली. निघाली इस्पिकची राणी. कौल तीनदा लागतो. पुन्हा पिसली. इस्पिकची राणी. तिसऱ्यांदाही तीच! अरे, दर वेळी वेगळं काळं पान वर आणायला हवं होतं, पण जादू जमली याचाच मला इतका आनंद झाला की तेवढी अक्कल राहिली नाही.

चंद्राबाईनं हात जोडले. म्हणाली, "आई स्वतः आली."

कुलदीप म्हणाला, "आई न्हाय, ही म्हातारी फसवते."

त्यानं देव्हाऱ्यासमोरचा पाट उचलून भिंतीवर आपटला. हेमांगीची वेणी हाताला गुंडाळून तिला उंबऱ्यापर्यंत फरफटवली. कपाळ चौकटीवर आपटलं, रक्त डोळ्यात गेलं. ती दुखऱ्या बोटांनी दाराची कडी धरून राहिली. तो ती बोटं एकेक करून सोडवत होता, नि दर बोटाला म्हणत होता, "तुला कुणी ठेवून घेणार न्हाय."

मग तो ओट्यावरून पडला. हाताचं हाड मोडलं. शेजारीपाजारी सगळ्यांना मी असंच सांगितलंय.

तुला खरं सांगते. वरवंटा मी घातला. दोनदा. दुसऱ्यांदा गरज नव्हती. हाड मोडल्याचा आवाज आला नि मला बरं वाटलं. देवीला खोटं बोलायला लावलं त्याचं मात्र वाईट वाटतं. तिच्यासमोर नाक घासलं.

आणि एक. नारळीपौर्णिमेला हेमांगी आली होती ते तुला माहीत आहे. पाठीवर पट्ट्याचे वळ होते ते तुला मी कळवलं नाही. तू फोनवर म्हणालास पाठवून दे, पण मी तुझ्यावर कशाला ढकलू? ती माझे पाय धरून बसली होती. मी तिची ओटी भरली नि रिक्षात बसवली. तुझ्या बापानं मला मारलं तेव्हा माझ्या आईनंही ओटीच भरली होती. मला वाटलं, असंच करतात. गौरीच्या दिवशी तिची बोटं मोडली. दार त्यानं लावलं, पण त्या घरात तिला परत मी पाठवली.

काल ती अलिबागला जाऊन तक्रार देऊन आली. सही उजव्या हातानं केली.

जाताना कुलदीप मोडका हात पोटाशी धरून म्हणाला, "तिचा बाप आमच्या बाजूनं हाय. पुढच्या वेळी तोच येतो आमच्याबरोबर." खरं का रे? मी विश्वास ठेवला नाही. पण तू फोन उचलत नाहीस.

यायचंच तर आधी ये, एकटा ये. लेकीच्या शेजारी ओट्यावर बस. त्यांच्या गाडीतून उतरलास तर पायरी चढू नकोस. मला सत्तरी उलटलीय, पण हात अजून चालतो, नि पुढ्यात कोण आहे ते मी बघणार नाही.

ते पाच जण येणार म्हणाले. रविवारी, सोळा तारखेला, सकाळी अकराला.

तुझी आणि हेमांगीची,
आई